पहिल्या रांगेतली खुर्ची

अपेक्षा उठून उभी राहिली तेव्हा विश्वजीतला वाटलं, तिला पाणी प्यायला बाहेर जायचं असेल. त्यानं पाय आत ओढून घेतले, वाट करून दिली. पण ती हलली नाही. औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा तो लहानसा हॉल, सिनेमा संपल्यावर नुकतेच लागलेले आणि म्हणून डोळ्यांत खुपणारे दिवे, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आणि या सगळ्यात आपली बायको पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी आहे, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तोवर ती बोलायला लागलेली होती. "सगळेजण धाकटीच्या नाचाबद्दल बोलले," ती म्हणाली, "मी मोठीचे हात बघत होते." सिनेमा दोन बहिणींचा होता. दोघी एकाच गुरूकडं नाच शिकतात, धाकटीची निवड होते, मोठीची होत नाही, आणि मोठी रोज धाकटीच्या पायांना तेल चोळून देते. विश्वजीतला सिनेमा संथ वाटला होता. मधे एकदा त्याला डुलकीही लागली होती. तो काही सिनेमा बघायला आलाच नव्हता. अपेक्षाची स्कूटी गॅरेजला होती म्हणून तो तिला सोडायला आला, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलर होता, म्हणून बसला. "तेल चोळताना ती बोटांनी ताल धरते," अपेक्षा सांगत होती. "बहिणीच्या पायावर. कुणाला दिसलं का माहीत नाही. मला तिथं रडू आलं. म्हणजे, कसं सांगू, मला बऱ्याचदा वाटतं की माझं शरीर कुणीतरी माझ्याकडं सांभाळायला ठेवलंय. ते स्वयंपाक करतं, शाळेत जातं, शिकवतं, झोपतं. मी त्याची नीट काळजी घेते. पण माझं म्हणून ते मला इथंच वाटतं, दर रविवारी, या अंधारात, दुसऱ्या कुणाला नाचताना बघते तेव्हा."

समोर बसलेल्या भानुमतीबाईंनी, ज्या दर रविवारी इथं सिनेमे दाखवायच्या, चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, "थांबू नका. बोला." अपेक्षा आणखी काही बोलली. ते विश्वजीतला ऐकू आलं नाही, कारण त्याच्या कानात काहीतरी गरम भरलं होतं. आपल्या चौदा वर्षांच्या संसारात हे वाक्य घरात कुठंच पडलेलं नव्हतं. ना गॅसजवळ, ना अंथरुणात, ना मायकडं पाचोडला जाताना गाडीवर. आणि इथं शेजारच्या खुर्चीवरचा एक टक्कल पडलेला गृहस्थ ते ऐकून मान डोलावत होता, दोन कॉलेजच्या मुली एकमेकींचा हात दाबत होत्या, प्रोजेक्टर सांभाळणारा हिमांशू नावाचा पोरगेला प्राध्यापक वायर गुंडाळायचं थांबवून ऐकत होता. जणू त्याच्या घरातली एक खोली, जी त्याला स्वतःला माहीत नव्हती, तिथं ही सगळी माणसं चपला काढून आरामात बसली होती.

क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं मान न वळवता विचारलं, "तू नाचायचीस का आधी?" मागून ती म्हणाली, "जालन्याला शिकले ना चार वर्षं. माहीत आहे की तुम्हाला." आणि खरंच त्याला माहीत होतं. लग्नाआधी आलेल्या माहितीत आवडींच्या ओळीत वाचन, नृत्य, रांगोळी असं लिहिलेलं होतं. सगळ्याच मुली लिहितात. त्याचे वडील, बन्सीअण्णा, तेव्हा जिवंत होते. ते मोठ्यानं वाचून हसले होते आणि म्हणाले होते, स्वयंपाक येतो का ते लिहिलंच नाही. सिग्नल सुटला. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. अपेक्षानं हात त्याच्या खांद्यावर नव्हे, मागच्या लोखंडी कडीवर ठेवलाय हे त्याला आरशात दिसलं. ती नेहमी तिथंच ठेवायची की आजच, हे काही केल्या त्याला आठवेना.

त्या आठवड्यात वाळूजच्या कंपनीत त्याचं लक्ष लागलं नाही. तो तिथं क्वालिटीत होता. दिवसभर पट्ट्यावरून येणारे सुटे भाग तपासायचे, खोट असलेला बाजूला काढायचा, ही त्याची नोकरी, आणि ती तो चोख करायचा. आता घरी आल्यावरही त्याची नजर तशीच फिरू लागली. अपेक्षा भाकरी थापताना तिच्या तळहातांचा आवाज, धुणं वाळत घालताना तिनं टाचा उचलणं, नळाला पाणी आल्याच्या दिवशी भरलेली बादली घेऊन ती ओल्या फरशीवरून वळली ते वळणं, सगळ्यात त्याला काहीतरी लपवलेलं दिसायला लागलं. एखादा पुरुष असता तर बरं झालं असतं, असं त्याला एकदा जेवताना वाटलं, आणि त्या विचारानं घास तोंडातच राहिला. पुरुष असता तर त्याला नाव असतं, मोबाईल नंबर असता, त्याची कॉलर धरता आली असती. हिमांशूवर त्यानं संशय घेऊन पाहिला. पण तो बिचारा कायम वायरींत गुंतलेला, अपेक्षाला ताई म्हणणारा. तो संशय दोन दिवससुद्धा टिकला नाही आणि त्याचं विश्वजीतला वाईट वाटलं. मग कुणाचा हेवा करायचा? पडद्यावरच्या त्या मोठ्या बहिणीचा? भानुमतीबाईंच्या 'बोला' या शब्दाचा? त्या टक्कलवाल्याचा, ज्याला काहीही न करता, लग्नाचा एक दिवसही न काढता ते ऐकायला मिळालं? गुरुवारी दुपारी अपेक्षा शाळेतून यायची होती, तेव्हा त्यानं दहा वर्षांच्या अमृताला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मम्मी कधी नाचते का गं?" अमृता चित्र रंगवत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "नाचते की. तुम्ही सेकंड शिफ्टला असता तेव्हा. मला पण शिकवते." "मग मी असताना का नाही?" "तुम्ही असता ना मग," अमृता म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

नाच म्हटलं की त्याला जत्रा आठवायची. तो आठ-नऊ वर्षांचा असताना बन्सीअण्णांनी त्याला मोटारसायकलवर पुढं बसवून तमाशाला नेलं होतं. नाचणारी बाई त्याला नीट आठवत नव्हती. फक्त एक हिरवं पातळ आणि धुरळा. आठवत होतं ते अण्णांचं तोंड. घरात कधी न दिसणारं, ढिलं पडलेलं, किंचित उघडं, एखाद्या अनोळखी माणसाचं असावं असं. परत येताना अण्णा म्हणाले, "घरी बोलू नको रं." आणि घरी माय चुलीपाशी ताट झाकून बसलेली. तिनं काही विचारलं नाही. त्याला मात्र तेव्हापासून पक्कं वाटत आलं होतं की नाच ही बाहेर जाऊन बघायची आणि घरी न सांगायची गोष्ट आहे. बायका दोन तऱ्हेच्या, एक ती जिच्याकडं असं ढिल्या तोंडानं बघायचं, आणि एक ती जी ताट झाकून बसते. स्वतःच्या वरातीत तो मित्रांच्या खांद्यावर हात टाकून, फेटा सुटेपर्यंत नाचला होता. मंडपाच्या तोंडाशी अपेक्षा हार घेऊन उभी होती. तिच्या पायांकडं त्यानं पाहिलं नव्हतं. आता त्याला राहून राहून वाटत होतं, त्या डीजेच्या आवाजात, शालूच्या निऱ्यांखाली, ते पाय स्थिर होते का?

शुक्रवारी त्यानं मायला फोन लावला. "माय, डोळे दाखवायला ये इकडं. शनिवारीच ये." आशाबाई पलीकडून म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला काय झालंय? मला पाखराच्या पंखावरलं दिसतंय." "वय झालं आता. दाखवून टाकू एकदा." "लई माया आली बाबा आज," माय म्हणाली, पण खूश झाली आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं लोणच्याची बरणी घेऊन आली. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं अपेक्षाला सांगितलं की उद्या त्याला कंपनीत अर्जंट बोलावलंय, आणि माय घरी एकटी कशी राहील. अपेक्षा ओटा पुसत होती. हात थांबला. "रविवारी कुठला डोळ्याचा डॉक्टर असतो?" "सोमवारी आहे ना. पण आता ती आली आहे तर..." त्यानं वाक्य तसंच सोडून दिलं. अपेक्षानं फडकं पिळलं, झटकलं, वाळत घातलं. उद्याच्या सिनेमाची ती आठवडाभर वाट बघत होती, हे त्याला ठाऊक होतं. तिनं शाळेच्या डब्याबरोबर, भाजीच्या पिशवीबरोबर तो सिनेमा घरभर वागवला होता. "बरं," ती म्हणाली. तेवढंच. आणि त्याला जिंकल्याचा जो आनंद व्हायचा होता तो झाला, नाही असं नाही, पण आंबलेल्या ताकासारखा.

रविवारी दुपारी तो कंपनीचा शर्ट घालून निघाला आणि थेट औरंगपुऱ्यात गेला. वाचनालयाखाली एका चहावाल्यानं त्याला हटकलं, "ओ भाई, गाडी जरा आगे लेओ." त्यानं गाडी पुढं घेतली. तिनं इथं काय ठेवलंय ते एकदा तिच्याशिवाय बघायचं, असं जिना चढताना त्यानं स्वतःला सांगितलं. दिवे मालवल्यावरच तो आत शिरला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. भानुमतीबाईंनी मान वळवून पाहिलं, ओळखीचं हसल्या. त्यानंही मान हलवली.

पडद्यावर एक म्हातारी नर्तकी होती. नवरा शिंपी. तिचे सगळे पोशाख तोच शिवायचा, आणि तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, एका कडेच्या खुर्चीवर बसायचा. सिनेमात बराच वेळ काही घडत नव्हतं. शिवणयंत्र चालायचं, ती गुडघ्याला शेक द्यायची, दोघं न बोलता जेवायची. विश्वजीतला आज मात्र डुलकी आली नाही. त्या नवऱ्याची टेप मानेवर टाकायची ढब, बायकोच्या दंडाचं माप न घेताच कापड कापणं, हे सगळं तो टक लावून बघत होता, आणि त्याला त्या माणसाचा हेवा वाटत होता. एवढं माहीत असणं! दंड केवढा आहे हे न मोजता माहीत असणं! अपेक्षाच्या बोटात अंगठी किती मापाची बसते हेसुद्धा त्याला दुकानात विचारावं लागलं होतं. मग बऱ्याच वर्षांनी त्या म्हातारीला पुन्हा नाचायचं आमंत्रण येतं. नवरा नवा पोशाख शिवतो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तो शेवटचं बटण लावत बसलाय, आणि ती चहाचा पेला त्याच्यापुढं ठेवते आणि म्हणते, आज तू येऊ नकोस. तो विचारतो, का? ती म्हणते, तू समोर बसलास की मी तुला माहीत आहे तेवढीच नाचते. शिंप्याची सुई वर जाते, खाली येते. कॅमेरा त्याच्या तोंडावर जायला लागला आणि विश्वजीत उठला. ते तोंड त्याला बघायचं नव्हतं. खुर्ची करकरली, कुणीतरी 'श्श' केलं. तो जिना उतरून रस्त्यावर आला, उन्हात उभा राहिला, आणि त्याला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की एवढं सगळं माहीत असूनही भागत नाही. मग आपलं काय?

तो लवकर घरी पोचला. दारातूनच गाणं ऐकू येत होतं. मोबाईल डब्यात ठेवल्यावर येतो तसा घुमणारा आवाज. दार नुसतंच लोटलेलं होतं, उकाड्यानं. फटीतून त्याला दिसलं. सोफा भिंतीला सरकवलेला. माय खाली मांडी घालून बसलेली, टाळ्यांनी ठेका धरून. अमृता तिच्या मांडीला टेकलेली. आणि मधल्या मोकळ्या फरशीवर अपेक्षा, ओढणी कमरेला गच्च बांधून. ती फार काही करत नव्हती. एक हात वर, नजर त्या हाताच्या मागं, आणि पाय खाली असे पडत होते की जणू फरशीच त्यांना वर ढकलत होती. तिचं शरीर थोडं सुटलेलं होतं. पोटावर घाम होता. ते तेच शरीर होतं, रोज त्याच्या शेजारी कुशीवर झोपणारं, पण ते इतकं जागं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "आता पंचमीचा फेर," माय म्हणाली, "आमच्याकडं असा पाय मागं नेतात बघ," आणि गुडघ्यावर हात ठेवून, चक्क, माय उठली. ताट झाकून बसणारी माय. तिनं पाय मागं नेला, अपेक्षानं तसाच नेला, आणि तिघी खिदळल्या. या खोलीत आपल्याला सोडून सगळ्यांना जागा होती.

त्यानं दार ढकललं. अपेक्षा थांबली. भांडण नाही, दचकणं नाही. नुसती थांबली, पंखा बंद केल्यावर पाती थांबतात तशी, थोडी थोडी. ओढणी सोडून खांद्यावर घेतली. "लवकर आलात," ती म्हणाली आणि पाणी आणायला वळली. "थांबलीस कामून गं?" मायनं विचारलं. "विश्वाच तर हाय." अमृतानं गाणं बंद केलं.

तो पाणी पीत असतानाच अपेक्षाचा फोन वाजला. "हां, मॅडम," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिची नजर त्याच्यावर आली आणि तिथंच राहिली, कंपनीच्या शर्टावर. विश्वजीतनं पेला खाली ठेवला. भानुमतीबाईंचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत येत होता, शब्द येत नव्हते. तरी त्याला सगळे शब्द कळले. तुमचे मिस्टर आले होते, मधेच उठून गेले, घरी सगळं ठीक ना? "हो, हो," अपेक्षा म्हणाली, "मीच पाठवलं होतं त्यांना. मला जमणार नव्हतं ना. घरून फोन गेला म्हणून उठले ते." तिनं फोन ठेवला. ती आपल्यासाठी खोटं बोलली, याची शरम वाटण्याआधी विश्वजीतला आनंद झाला. त्या हॉलपासून काहीतरी लपवलं गेलं होतं आणि ते फक्त त्या दोघांत होतं. मग शरम आली. ती पायांपासून वर चढली.

"सांगा," अपेक्षा म्हणाली.

"काय?"

"सिनेमा. मी जाणार होते तो. काय होतं त्यात?"

ती खाली बसली, मायच्या शेजारी, आणि त्याच्याकडं बघू लागली. चेहऱ्यावर राग होता, पण रागाहून मोठी भूक होती. ती त्याला ओळखू आली. हा हेवा त्याच्या ओळखीचा होता, आठवडाभर त्यानं तो स्वतःच्या अंगावर घालून पाहिला होता. आज तो तिला वाटत होता, त्याचा, त्यानं पाहिलेल्या सिनेमाचा. त्यानं उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. त्याला सांगता येत नव्हतं. तो म्हातारीआधी शिंप्याचंच सांगू लागला, मग मागं आला, शिवणयंत्राचा आवाज कसा होता ते सांगताना हातवारे करू लागला. "दंड मोजत नाही तो," तो म्हणाला, "नुसतं बघतो आणि कापतो." मायला मजा वाटली. "असा गडी असतो व्हय?" अपेक्षा फक्त ऐकत होती, आणि कुणी आपल्याला असं ऐकतंय हे विश्वजीतला इतकं अनोळखी वाटलं की तो मधेच अडखळला. मग त्यानं चहाच्या पेल्याचं सांगितलं. बटणाचं सांगितलं. म्हातारी काय म्हणाली ते सांगितलं. ते वाक्य त्याच्या तोंडून फार हळू बाहेर पडलं.

"मग?" अपेक्षानं विचारलं. "तो गेला का?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"तिथं उठलो मी."

अपेक्षा बघत राहिली. "मला जाऊ दिलं नाहीत," ती म्हणाली, एकेक शब्द सुटा ठेवत, "आईंना डोळ्यांचं निमित्त करून बोलावून घेतलंत. आणि तिथं जाऊन अर्ध्यात उठून आलात." मायनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "म्हंजी उद्या डोळे दाखवायचे का नाय मग?" ती म्हणाली. अमृता हसली आणि कुणी हसत नाही हे बघून गप्प झाली.

विश्वजीत भिंतीला टेकला. शर्ट पाठीला चिकटला होता. जे विचारायचं नव्हतं तेच त्याच्या तोंडी आलं. "तू मला असं म्हणशील? येऊ नको म्हणून?"

अपेक्षानं उत्तर द्यायची घाई केली नाही. तिनं खरंच विचार केला. ते त्याला तिच्या कपाळावर दिसलं आणि त्यामुळंच त्याला जास्त भीती वाटली. "म्हणाले असते," ती शेवटी म्हणाली. "पण त्यासाठी आधी तुम्ही कधीतरी यायला पाहिजे होतं ना."

बाहेर कुणाच्या तरी टाकीतून पाणी वाहून जात होतं, आणि खालून कुणीतरी त्यावर ओरडत होतं. अपेक्षा उठली. "येत्या रविवारी मी जाणार आहे," ती म्हणाली. "एकटी." तो हो म्हणाला. तिनं त्याच्या होची वाट बघितली नव्हती. तिनं खांद्यावरची ओढणी काढली, पुन्हा कमरेला बांधली, गाठ ओढून पाहिली. "लाव गं," ती अमृताला म्हणाली. त्याला तिनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सोफा पलीकडच्या भिंतीला होता, तिथं जायचं तर मधली फरशी ओलांडावी लागली असती. म्हणून तो होता तिथंच, दाराशी, उभा राहिला. गाणं सुरू झालं. मायनं ठेका धरला. अपेक्षाचा हात वर गेला, नजर हातामागं गेली, आणि सुरुवातीला ती दोनदा चुकली, त्याच्यामुळंच, हे दोघांनाही कळलं. तिसऱ्यांदा चुकली नाही. मग हळूहळू तिला त्याचा विसर पडला. तो विसर पडताना विश्वजीतला दिसला, अगदी समोर, एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसा. मायच्या टाळ्यांचा, अमृताचा, तिच्या टाचेखालच्या त्या फरशीचासुद्धा त्याला हेवा वाटत होता. जावं असं त्याला फार वाटलं. तो गेला नाही.

गाणं संपेपर्यंत तिनं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही. तो बघत राहिला.